खापर फरशीवर

आजी न्हाणीघरात पडल्या की पहिलं खापर ओल्या फरशीवर फुटतं. मग रबरी चटई येते, भिंतीला दांडी बसते. दोन्ही हव्यातच. पण त्याच फरशीवर सुनेचा, नातवाचाही पाय घसरतो, आणि ते सावरतात.

हे सावरणं सेकंदाच्या आत उरकावं लागतं. तोल गेल्याची खबर तळव्याने मेंदूला द्यायची, दुसरा पाय झटकन पुढे पडायचा आणि मांडीने अंगाचा भार झेलायचा. अशी झटक्याची कामं करणारे स्नायूंचे तंतू वेगळे असतात, आणि वयाबरोबर नेमके तेच आधी रोडावतात. त्यात प्रथिनांचा वेगळा साठा शरीराजवळ नसतो. स्नायू हीच त्याची ठेव. ताटातून प्रथिनं कमी आली की शरीर ती मांडीतून काढून घेतं.

आता आजींचं ताट पाहू. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि वरचं पातळ वरण, रात्री दूध-पोळी. पोट भरतं. पण ५० किलो वजनाच्या आजींना दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. कपभर दुधात ती जेमतेम ६, एका अंड्यात तेवढीच, पातळ वरणाच्या वाटीत त्याहून कमी. शिवाय म्हाताऱ्या स्नायूला थोडक्या प्रथिनांनी जागच येत नाही, म्हणून प्रत्येक जेवणात ती भरघोस हवीत. एकादशी-चतुर्थीचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट. उपवास सोडा म्हणायची माझी छाती नाही. पण दाण्याची आमटी, ताक, राजगिरा तर चालतातच की.

बी-१२ची गोष्ट जरा निराळी. ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. शाकाहारी घरात दूधही चहापुरतंच उरलं, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर ते कमी पडू शकतं. मग तळव्यांच्या नसा मंदावतात. पाय कुठे टेकला हे कळेनासं होतं. उजेडात डोळे ती उणीव भरून काढतात, रात्री दिवा न लावता उठलं की तोल जातो. ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी झालं तर मांड्या ढिल्या पडतात. आणि रात्री उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायलं, तर पलंगावरून उठताना रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते.

वजनकाटा इथे चकवतो. लठ्ठ आजोबांचे स्नायूही उपाशी असू शकतात. त्यापेक्षा बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या का, कवळी सैल झाली का, ते बघावं. सैल कवळीने चावता येत नाही, म्हणून मऊ भातच खाल्ला जातो, आणि माणूस आणखी वाळतो. एक सोपी चाचणीही आहे: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली असं समजावं. शेजारी कुणीतरी उभं राहावंच. हीच उठबस, खुर्चीला धरून, रोजचा व्यायामही होते. नुसतं खाऊन स्नायू भरत नाहीत.

पडल्यावर अंथरुण धरलं तर घट आणखी वेगाने होते. निरोगी वृद्धांनाही दहा दिवस झोपवून ठेवलं तेव्हा पायांचा सुमारे किलोभर स्नायू गेला होता. आणि नेमकं तेव्हाच दवाखान्यात डबा जातो पेजेचा, सोबत मोसंबीचा रस. मूत्रपिंडाचा आजार नाही ना, एवढं डॉक्टरांना विचारून त्या डब्यात मुगाचं घट्ट वरण, पनीर किंवा उकडलेलं अंडं द्यावं.