दिवसाची वीज

वसुबारसेला आमच्या जुन्नरकडे गाय-वासराला ओवाळतात आणि लगेच गोठ्याला कडी घालतात. बिबट्याचे भय! परवा एका जुन्या विद्यार्थ्याकडे फराळाला गेलो. रात्री दहाला तो बॅटरी आणि काठी घेऊन उठला. "सर, तुम्ही चकली घ्या. लाइट आली, मी मोटार चालू करून येतो."

त्याची आई म्हणाली, "पुढाऱ्यांना सांगा की, वीज दिवसा द्या म्हणावं!" मराठीच्या मास्तराचे पुढारी किती ऐकतात, हे त्या माउलीला कोण सांगणार?

कुकडीवर माणिकडोह, घोडवर डिंभे अशी धरणे झाली, ऊस वाढला आणि त्या दाट उसात बिबट्याची मादी पिले घालू लागली. धरण पुढाऱ्यांचे, ऊस कारखान्याचा. बिबट्या तेवढा वनखात्याचा! शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषिवाहिनी योजना 2017 सालीच निघाली. 2024 साली दिवाळी सरते न सरते तोच, 20 नोव्हेंबरला, विधानसभेचे मतदानही झाले. येत्या वर्षाकडे जुन्नर-आंबेगावने मागावे ते एवढेच, की उसाला पाणी उजेडी पाजता यावे.

अंगणातल्या पणतीत म्हातारीने पुन्हा तेल घातले. मोटारीचा आवाज आला, तरी ती उंबऱ्यातून हलली नाही. पोरगा परतायचा होता.