काढा कोण करून देतं?

सकाळी ७.३०
सीबीसीचे रिपोर्ट आलेत. हिमोग्लोबिन नंतर, आधी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. १५०० च्या खाली असले की केमो सहसा पुढे ढकलतात. मग गारगोटीहून पहाटेची एसटी धरून आलेल्या बाईला माघारी पाठवायचं काम माझ्याकडे.

९.००
स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंट आज जास्त, बहुतेकींना पॅक्लिटॅक्सेल. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात येतं. त्याचीच रिअॅक्शन उठते. त्यामुळे आधी डेक्सा, एव्हिल. सुरुवातीची पंधरा मिनिटं मी खुर्चीजवळून हलत नाही.

१०.३०
"बाहेरचं काही घेता का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : नाही. म्हणून मी विचारते, "काढा कोण करून देतं?"

"सासूबाई," एक बाई पटकन म्हणाली. रोज गुळवेल, वर गव्हांकुराचा रस. पेशी वाढाव्यात म्हणून.

गुळवेलीच्या अर्काने प्रयोगशाळेत काही प्रतिकारक पेशी जाग्या होतात, हे खरं. पण केमोने अस्थिमज्जेतली न्यूट्रोफिलची पैदास मंदावते, ती काढ्याने भरून येते याला पुरावा नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. त्यांचा वाद चालू दे. पॅक्लिटॅक्सेल यकृतातच मोडतं, माझी काळजी तेवढी. कच्च्या रसाचं दुखणं वेगळं : पेशी घटलेल्या असताना त्यातले जंतू महागात पडतात. फोडणीतल्या हळदीला कुणाची ना नाही, कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र विचारून.

डॉक्टरांनी काढा थांबवायला सांगून यकृताची तपासणी, एलएफटी, लिहिली.

१.००
"मग झाडपाला वाईटच म्हणायचा?" तिच्या नवऱ्याने विचारलं. मी सलाईनकडे बोट दाखवलं. हे औषध अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीत सापडलं. १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्यांत मनसुख वाणी होते, आपल्या नंदुरबारचे. पण त्या सालीचा काढा कुणी पाजत नाही. द्रव्य वेगळं काढलं, मिलिग्रॅममध्ये मोजलं, वर्षानुवर्षं तपासलं.

"नंदुरबार?" एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

४.००
घरी सोडताना नेहमीचं बजावणं : ताप १००.४ झाला तर काढा नाही, गोळी नाही, थेट दवाखाना. रात्री दोन वाजले असले तरी.

४.३०
सासूबाई बाहेर बाकावरच होत्या. "मग मी द्यायचं तरी काय?" त्यांच्या आवाजात राग होता, बराचसा माझ्यावर. नीट उकडलेली अंडी, मुगाचं वरण, ताज्या भाकऱ्या, उकळून गार केलेलं पाणी.

"आन् भाकरीसंगं गूळ?"

"चालतो की, मावशी."