प्रवासलाभ क्रेडिट कार्डे

प्रवासलाभ क्रेडिट कार्डे : कार्डाद्वारे केलेल्या खर्चाच्या प्रमाणात कार्डधारकाच्या खाती गुण जमा करून, त्या गुणांच्या मोबदल्यात विमानाचे वा रेल्वेचे तिकीट, निवास किंवा तत्सम प्रवाससुविधा देणारी क्रेडिट कार्डे. निरनिराळ्या खर्चांवर निरनिराळी कार्डे अधिक गुण देत असल्याने एकाच व्यक्तीने दोन, तीन किंवा त्याहून अधिक कार्डे बाळगण्याची प्रथा या योजनांतून निर्माण झाली. भारतात ती प्रथम महानगरांतील नोकरदार वर्गात रुजली. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या व सणासुदीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांमुळे तिचा संबंध कोकणाशी, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्याशी येतो.

इतिहास : अनेक दुकानांत चालणारे आधुनिक कार्ड न्यूयॉर्क येथे १९५० मध्ये डायनर्स क्लबने प्रचारात आणले. त्यात महिन्याची सर्व रक्कम एकदम फेडावी लागे. थकबाकी व्याजाने पुढे नेण्याची मुभा देणारे कार्ड बँक ऑफ अमेरिकेने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरी वाटले. त्यातूनच पुढे १९७६ मध्ये ‘व्हिसा’ हे नाव आले. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि विमानकंपन्यांत तीव्र स्पर्धा सुरू झाली. नेहमीचा प्रवासी आपल्याकडेच टिकावा म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अंतरावर आधारलेली गुणयोजना काढली. १९८७ मध्ये सिटीबँकेने त्या योजनेशी जोडलेले कार्ड काढले. त्यामुळे विमानात न बसताही, केवळ किराणा वा कपडे विकत घेऊन, प्रवासाचे गुण मिळविणे शक्य झाले.

भारतात डायनर्स क्लबचे कार्ड १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईत आले. बँकेने स्वतः काढलेले पहिले कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे होय (१९८०). आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी व खाजगी बँका या क्षेत्रात उतरल्या. स्टेट बँकेने १९९८ मध्ये कार्डव्यवसायासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. रूपे ही भारतीय कार्डप्रणाली २०१२ मध्ये सुरू झाली. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय झाली. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या आरंभी १० कोटींच्या पुढे गेली.

कार्यपद्धती : दुकानदार कार्डाने पैसे घेतो, तेव्हा विक्रीच्या रकमेतून ठराविक टक्केवारी बँकांकडे व कार्डप्रणालीकडे जाते. या शुल्काचा मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेस मिळतो. त्याखेरीज वार्षिक शुल्क, थकबाकीवरील व्याज, विलंबशुल्क आणि परकीय चलनातील खर्चावरील अधिभार ही बँकेची उत्पन्नाची साधने होत. या उत्पन्नातून बँक विमानकंपनीकडून गुण विकत घेते आणि ते कार्डधारकास देते. म्हणजे ‘फुकट’ तिकिटाची किंमत कोणीतरी भरलेली असतेच. तिचा काही भाग दुकानदाराच्या शुल्कातून आणि काही भाग थकबाकी ठेवणाऱ्या ग्राहकांच्या व्याजातून येतो. शुल्काचा बोजा वस्तूंच्या किमतीत मिसळल्यास रोखीने खरेदी करणाऱ्यासही त्याचा वाटा उचलावा लागतो.

अनेक कार्डांचा वापर : अनेक कार्डे बाळगणारा ग्राहक प्रत्येक खर्चासाठी अधिकाधिक गुण देणारे कार्ड निवडतो. रेल्वेच्या तिकिटांसाठी एक, इंधनासाठी दुसरे, किराण्यासाठी तिसरे अशी ही विभागणी असते. नवीन कार्ड घेतल्यावर ठराविक मुदतीत ठराविक खर्च केल्यास प्रारंभिक गुण मिळतात, तर वर्षभराचा खर्च एका मर्यादेपलीकडे गेल्यास वार्षिक शुल्क माफ होते. देयकांच्या तारखा वेगवेगळ्या असल्यास बिनव्याजी मुदतीचाही लाभ होतो. देयक निघाल्यावर लगेच केलेल्या खरेदीस सामान्यतः ४५ ते ५० दिवसांची मुदत मिळते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रारंभिक गुणांसाठी ठरवून दिलेला खर्च पुरा करण्याच्या ओघात अनावश्यक खरेदी होते. कार्डे वाढली, की देयकांच्या तारखाही वाढतात आणि त्यांपैकी एखादी चुकण्याचा संभव वाढतो. प्रत्येक नव्या अर्जाची नोंद ग्राहकाच्या पतइतिहासात होते. २००० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिबिल या संस्थेचा पतगुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. थोड्या काळात अनेक अर्ज केल्यास तो घटू शकतो आणि पुढे घरबांधणीच्या कर्जास अडचण येऊ शकते. उलट, मंजूर मर्यादेच्या थोड्याच भागाचा वापर करून देयके वेळेवर फेडल्यास अनेक कार्डे असूनही पत उत्तम राहते.

लाभाचा हिशेब : एका कुटुंबाचा कार्डावरील खर्च दरमहा २५,००० रु. आणि गुणांचे मूल्य खर्चाच्या १ टक्का धरल्यास वर्षाचा लाभ ३,००० रु. होतो. वार्षिक शुल्क १,००० रु. व त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून १,१८० रु. वजा जाता १,८२० रु. उरतात. आता एखाद्या महिन्याचे २५,००० रु. थकले आणि व्याजाचा दर दरमहा ३.५ टक्के असला, तर एका महिन्याचे व्याज ८७५ रु. व त्यावरील कर १५७.५० रु. मिळून १,०३२.५० रु. होतात. थकबाकी दोन महिने राहिल्यास हा आकडा २,०६५ रुपयांवर जातो, म्हणजे वर्षभराचा निव्वळ लाभ संपून पदरचे पैसे जातात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत बंद होते. देयकावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ साधारणतः थकबाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. ती भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही.

गुणांचे मूल्यही स्थिर नसते. त्यांच्या अटी बँक वा विमानकंपनी बदलू शकते. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबविली, तेव्हा तिच्या विमानप्रवासासाठी गुण साठविणाऱ्यांचा मूळ हेतूच निष्फळ झाला. विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे गुण एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. अनेक बँकांनी घरभाडे, इंधन व डिजिटल पाकिटातील भरणा यांवरील गुण कमी वा बंद केले आहेत. त्यामुळे गुण दीर्घकाळ साठविणे हे व्याज न देणाऱ्या व मूल्य घटणाऱ्या ठेवीसारखे ठरते.

सिंधुदुर्गातील परिस्थिती : पूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील चाकरमानी आगबोटीने व पुढे एस.टी.ने गावी येत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाल्यावर कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ व सावंतवाडी या स्थानकांवरून हा प्रवास होऊ लागला. चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. परंतु तेथील विमानसेवांत खंड पडत गेला. जिल्ह्याच्या सीमेलगत गोव्यातील मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली.

या भागातील प्रवासाची खरी अडचण गुणांनी सुटणारी नाही. गणेशोत्सवात भाड्यापेक्षा जागेची टंचाई अधिक जाणवते. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग एकेरी असल्याने गाड्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नाही आणि आरक्षण खुले होताच अल्पावधीत प्रतीक्षायादी लागते. गुणांच्या मोबदल्यात भाडे चुकते करता येते, निश्चित जागा मिळत नाही. रेल्वेशी संलग्न कार्डांवरील अधिक गुण प्रामुख्याने वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर मिळतात. शयनयान वर्गाने वा एस.टी.च्या सामूहिक आरक्षणाने येणाऱ्या कुटुंबास त्यांचा लाभ थोडा, आणि विमानतळावरील विश्रामकक्षाच्या सवलतीचा तर मुळीच नाही.

किनाऱ्यावरील स्थायिक कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. मासेमारी, आंबा-काजू आणि पर्यटन ही त्यांच्या उत्पन्नाची मुख्य साधने हंगामी आहेत. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पावसाळ्यात किल्ले सिंधुदुर्गाकडे जाणारी होडीवाहतूक व तारकर्लीचे जलक्रीडाव्यवसायही थांबतात. या रिकाम्या महिन्यांपाठोपाठ गणेशचतुर्थीचा मोठा खर्च येतो. कार्डाचे देयक मात्र दरमहा निघते. म्हणून महिन्याच्या पगारावर बेतलेली ही व्यवस्था हंगामी उत्पन्नास जुळत नाही आणि थकबाकीचा धोका नेमका श्रावण-भाद्रपदात संभवतो. नावाचे साम्य असले, तरी किसान क्रेडिट कार्ड (१९९८) ही निराळी योजना होय. ती २०१८–१९ च्या अर्थसंकल्पानंतर मत्स्यव्यवसायासही लागू झाली. तिच्यातील परतफेड हंगामाशी निगडित असून व्याजाचा दरही पुष्कळच कमी असतो.

मालवणच्या बाजारातील लहान विक्रेता व घरगुती निवास चालविणारा यांना कार्डावरील शुल्क जाचक वाटणे स्वाभाविक आहे. यूपीआयशी जोडलेल्या रूपे क्रेडिट कार्डाच्या बाबतीत लहान व्यापाऱ्यांना २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्कमाफी देण्यात आल्याने हा अडसर काहीसा कमी झाला.

नियमन : रिझर्व्ह बँकेचे सविस्तर निर्देश १ जुलै २०२२ पासून अंमलात आले. त्यांनुसार न मागता कार्ड देण्यास मनाई करण्यात आली. सर्व थकबाकी फेडलेल्या ग्राहकाने मागणी केल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे आणि तसे न केल्यास दररोज ५०० रु. दंड ग्राहकास देणे बँकेवर बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांवरील येण्यासाठी बँकांनी राखावयाच्या भांडवलाचे प्रमाण वाढविले. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे व्याजदरावर तशी कमाल मर्यादा राहिली नाही आणि दर पारखून घेण्याची जबाबदारी बव्हंशी ग्राहकावरच आली.

एकंदरीत, अनेक कार्डांपासून होणारा लाभ दरमहा संपूर्ण देयक फेडणाऱ्या, नियमित उत्पन्नाच्या आणि प्रवासाच्या तारखा बदलू शकणाऱ्या कुटुंबांपुरता मर्यादित आहे. इतरांच्या बाबतीत तो बहुधा व्याजातच विरतो.