भातखाचरातील कॅडमियम : जपानच्या जिन्झू खोऱ्याचा धडा

पाण्याबरोबर शेतात येणारा गाळ जमिनीचा कस वाढवितो, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. तथापि गाळाचे गुणदोष तो कोठून वाहून आला यावर अवलंबून असतात. जपानमधील तोयामा प्रांतात जिन्झू नदीकाठच्या भातउत्पादकांना ही गोष्ट फार मोठे मोल देऊन शिकावी लागली.

धातू शेतात कसा आला?

नदीच्या वरच्या अंगास, गिफू प्रांतातील कामिओका येथे, जस्त व शिसे यांची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा जड धातू अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. खनिज दळून जस्त वेगळे काढल्यानंतर उरणारा बारीक चोथा व सांडपाणी नदीत मिसळे. तेच पाणी खालच्या गावी पिण्यासाठी वापरीत व पाटाने खाचरांत घेत. पाणी खाचरात शिरून संथ झाले की गाळ तळाशी बसे. त्यामुळे पाण्याच्या प्रवेशद्वारापाशी कॅडमियमचा साठा सर्वांत अधिक होई.

कारणाचा शोध

या गावांत, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांत, एक भयंकर व्याधी आढळू लागली. हाडे इतकी दुबळी होत की खोकल्यानेही ती मोडत. रुग्ण ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे कण्हत. तेच रोगाचे नाव पडले. तेथील डॉक्टर नोबोरू हागिनो व कृषिशास्त्रज्ञ योशिओका यांनी रुग्णांची घरे आणि नदीच्या पाण्याखालील क्षेत्र यांचा मेळ घालून पाहिला. ओकायामा विद्यापीठाचे जुन कोबायाशी यांनी रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा पाण्यात, तांदळात व रुग्णांच्या शरीरातही कॅडमियम आढळले. १९६१ मध्ये हे निष्कर्ष मांडण्यात आले व १९६८ मध्ये जपान सरकारने ते मान्य केले. अन्नावाटे आलेला कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठतो. मूत्रपिंड बिघडले की हाडांना आवश्यक असणारी द्रव्ये लघवीवाटे निघून जातात.

खाचरातील पाण्याचा परिणाम

खाचरात पाणी उभे असताना मातीत हवा शिरत नाही. अशा स्थितीत कॅडमियमचा गंधकाशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनतो व मुळांना तो शोषता येत नाही. पाणी काढून टाकताच हवा आत शिरते, तो पदार्थ विघटन पावतो आणि कॅडमियम दाण्यात पोहोचतो. म्हणून जपानमध्ये दूषित क्षेत्रात भात निसवण्यापूर्वी ३ आठवडे व नंतर ३ आठवडे पाणी उभे ठेवण्याची शिफारस करण्यात येते. मात्र उभ्या पाण्यात आर्सेनिक अधिक विरघळते. ज्या जमिनीत तो विषारी पदार्थही आहे, तेथे हा उपाय जपून योजावा लागतो. आम्लधर्मी जमिनीस चुना दिल्यानेही कॅडमियमचे शोषण घटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दाण्यातील कॅडमियम मनुष्यास अपायकारक ठरण्याइतका वाढला, तरी पीक हिरवेगार व निरोगी दिसू शकते. केवळ पाहणीने दोष कळत नाही. पृथक्करणच करावे लागते. जपानने २०११ पासून १ किलो तांदळात ०.४ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवली आहे.

जमीन पूर्ववत करण्याचे कष्ट

सेंद्रिय पदार्थ कुजून जातात. धातू कुजत नाही. जिन्झू खोऱ्यात दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ माती पसरावी लागली. हे काम १९७९ च्या सुमारास सुरू होऊन २०१२ मध्ये संपले व त्यात सुमारे ८६३ हेक्टर जमीन सुधारण्यात आली. जी माती काही दशकांत बिघडली, ती सुधारण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

शेतकरी बंधूंनी यावरून एवढा बोध घ्यावा : कारखान्याचे वा खाणीचे सांडपाणी आणि शहरातील मैलापाण्याचा गाळ फुकट मिळतो म्हणून शेतात घेऊ नये. त्यातील जड धातूंची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी व मगच निर्णय करावा. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद व पालाश पाहतात, कॅडमियम नव्हे. म्हणून नमुना देतानाच जड धातूंच्या तपासणीची स्पष्ट मागणी करावी. नमुने घेताना पाटाच्या तोंडाजवळील मातीचा नमुना वेगळा ठेवण्यास विसरू नये.