समोरच्या बाकावरची कारकीर्द

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात, ही महाराष्ट्राच्या राजकारणातली आता रूढीच झाली आहे. चहा कुणी पीत नाही, पण त्या निमित्ताने विरोधी पक्षनेता पत्रकारांसमोर बसतो, सरकारच्या चुकांची यादी वाचतो आणि पुढच्या दिवसांत सभागृहात काय गाजणार आहे ते सांगून टाकतो. डिसेंबर २०२५ मध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं तेव्हा हे काम करणारा अधिकृत माणूस कुणीच नव्हता. विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची २०२४ च्या निवडणुकीपासून रिकामी होती. विधान परिषदेत अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली आणि तिथलीही खुर्ची मोकळी झाली.

हे नागपुरात घडावं यात थोडी गंमत आहे, थोडी चुटपुट. या शहराने राज्याला दोन मातब्बर विरोधी पक्षनेते दिले. नितीन गडकरी १९९९ ते २००५ विधान परिषदेत, आणि देवेंद्र फडणवीस २०१९ ते २०२२ विधानसभेत. रिकाम्या बाकासमोर मुख्यमंत्री म्हणून बसलेले फडणवीस त्या बाकाची किंमत पुरेपूर ओळखून आहेत.

विरोधी पक्षनेता हे नुसतं मानाचं पद नाही. १९७८ च्या राज्याच्या कायद्याने त्याला वेतन, भत्ते, बंगला, कर्मचारी दिले आणि पुढे कॅबिनेट मंत्र्याचा दर्जाही आला. पण खरी ताकद सभागृहात दिसते. अध्यक्षांच्या डाव्या हाताला पहिला बाक त्याचा. तो बोलायला उभा राहिला की अध्यक्ष बाकीच्यांना खाली बसवतात. तारांकित प्रश्नावर मंत्री अडखळला की नेमका उपप्रश्न टाकायचा, लक्षवेधीत अधिकाऱ्यांनी लिहून दिलेल्या उत्तरातली फट शोधायची, अंतिम आठवडा प्रस्तावावर सरकारची सगळी उलटतपासणी करायची, हे त्याचं रोजचं काम. सभागृहाबाहेरही त्याचं मत लागतं. राज्य माहिती आयुक्तांची निवड करणाऱ्या समितीत मुख्यमंत्र्यांबरोबर त्याची जागा माहिती अधिकार कायद्यानेच ठेवली आहे.

नागपूरच्या अधिवेशनात या कामाला वेगळी धार येते. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा सरकार विदर्भात येतं, आणि त्याच्यामागोमाग मोर्चे. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा पोलीस विधानभवनाच्या अलीकडेच अडवतात. मग शिष्टमंडळ मंत्र्याकडे जातं, आणि तिथे हाती काही लागलं नाही तर निवेदन घेऊन विरोधी पक्षनेत्याकडे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला, तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे होते. पुढच्याच वर्षी सत्ता पालटली आणि मुंडे उपमुख्यमंत्री झाले.

त्याच १९९५ च्या युती सरकारात गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबईतले पन्नासहून अधिक उड्डाणपूल ही त्या खात्याची कमाई. १९९९ मध्ये सरकार गेलं आणि कालपर्यंत फाइलींवर सह्या करणारा मंत्री परिषदेत विरोधी पक्षनेता झाला. ते नागपूर पदवीधर मतदारसंघातून १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आमदार होते. परिषदेतल्या विरोधी पक्षनेत्याची अडचण अशी की तिथे अविश्वास ठराव आणता येत नाही आणि वित्त विधेयक अडवून धरता येत नाही. आकड्यांनी सरकार पाडायची सोयच नसल्यामुळे हाती उरतो तो फक्त मुद्दा. खातं आतून पाहिलेल्या माणसाला मात्र हे सोयीचं पडतं, कारण निविदा कुठे फुगते आणि काम कुठे रखडतं हे त्याला सांगावं लागत नाही. २००४ मध्ये गडकरी प्रदेशाध्यक्ष झाले आणि २००९ च्या डिसेंबरात थेट राष्ट्रीय अध्यक्ष. त्यावेळी लोकसभेची एकही निवडणूक त्यांनी जिंकलेली नव्हती.

फडणवीसांची वाट वेगळी. वडील गंगाधरराव विधान परिषदेचे सदस्य होते, काकू शोभाताई युती सरकारात मंत्री. देवेंद्र १९९२ मध्ये रामनगर वॉर्डातून नगरसेवक झाले, १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर आणि १९९९ मध्ये आमदार. त्यानंतरची पंधरा वर्षं विरोधी बाकांवर गेली. आज त्यांच्या कारकिर्दीची चर्चा मुख्यमंत्रिपदापासून सुरू होते, पण त्यांची खरी घडण या पंधरा वर्षांतली आहे. अर्थसंकल्पाची पुस्तकं उलटून पुरवणी मागण्यांतली विसंगती दाखवणारा, सिंचनाच्या खर्चावरून सरकारला घेरणारा आमदार म्हणून त्यांचं नाव झालं. पुढे अर्थसंकल्प सोप्या भाषेत समजावणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं. २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांना मंत्रिपदाचा एका दिवसाचाही अनुभव नव्हता. होता तो फक्त विरोधात बसण्याचा.

२०१९ मध्ये 'मी पुन्हा येईन' म्हणत ते निवडणुकीला गेले. भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला, तरी सरकार महाविकास आघाडीचं झालं. १ डिसेंबर २०१९ ला माजी मुख्यमंत्री विरोधी पक्षनेता झाला. त्याच महिन्यात नागपुरात अधिवेशन भरलं. अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांना मदतीच्या मागणीवरून विरोधकांनी सभागृह दणाणून सोडलं आणि उद्धव ठाकरे यांनी दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा केली. या नागपूरकर विरोधी पक्षनेत्याला आपल्या गावात मिळालेलं ते एकमेव अधिवेशन. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली.

मार्च २०२१ मधला प्रसंग या पदाची ताकद समजून घ्यायला पुरेसा आहे. अंबानींच्या घराजवळ स्फोटकं असलेली गाडी सापडली होती. फडणवीसांनी एका पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध सभागृहात कागद वाचून दाखवले आणि त्याच्या अटकेची मागणी केली. काही दिवसांतच त्या अधिकाऱ्याला राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली. मुंबईच्या पोलीस आयुक्तांची उचलबांगडी झाली, त्यांनी पत्र लिहून गृहमंत्र्यांवर वसुलीचे आरोप केले आणि ५ एप्रिलला उच्च न्यायालयाने चौकशीचे आदेश दिल्यावर गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. हे गृहमंत्री काटोलचे अनिल देशमुख. आरोप करणारा नागपूरचा, पायउतार होणारा नागपूर जिल्ह्यातलाच. देशमुखांनी आरोप फेटाळले, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं. पण विरोधी पक्षनेत्याने सभागृहात वाचलेला कागद बाहेर काय करू शकतो, हे राज्याने पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये तर त्यांनी १२५ तासांचं चित्रीकरण असल्याचं सांगत पेन ड्राइव्हच सादर केला. सरकारला ते प्रकरण सीआयडीकडे द्यावं लागलं.

या खुर्चीचा दुसरा स्वभावही सांगायला हवा. तिच्यावर बसलेल्यांना पलीकडचा बाक फार जवळचा वाटतो. नारायण राणे २००५ मध्ये शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये महिनाभरही विरोधी पक्षनेते नव्हते. शिवसेना सत्तेत गेली आणि तेही गेले. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये फडणवीसांच्याच मंत्रिमंडळात आले. अजित पवार २ जुलै २०२३ ला विरोधी पक्षनेतेपदावरून उठले ते उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घ्यायलाच. मग ही जबाबदारी ब्रह्मपुरीच्या विजय वडेट्टीवारांकडे आली आणि २०२४ च्या निवडणुकीपर्यंत राहिली.

आता खुर्ची रिकामी का, याचं दिलं जाणारं कारण आकड्याचं आहे. २८८ पैकी एक दशांश, म्हणजे २९ आमदार एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. शिवसेनेने भास्कर जाधवांचं नाव दिलं, परिषदेसाठी काँग्रेसने सतेज पाटलांचं. निर्णय अध्यक्ष आणि सभापतींचा आहे, असं म्हणून सरकारने हात झटकले.

पण १९७८ च्या कायद्यात एक दशांशाची अट नाही. सर्वाधिक सदस्य असलेल्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढंच तिथे म्हटलं आहे. दहा टक्क्यांचा दंडक लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातल्या प्रथेतून आला. महाराष्ट्राने तो फारसा मानलेला नाही. शेतकरी कामगार पक्षाचे कृष्णराव धुळप १९६२ मध्ये विरोधी पक्षनेते झाले तेव्हा २६४ च्या सभागृहात पक्षाचे १५ आमदार निवडून आले होते. शरद पवार १९८६ मध्ये काँग्रेसमध्ये परतल्यावर हे पद मालेगावच्या निहाल अहमद यांच्याकडे गेलं. त्यांच्या जनता पक्षाने १९८५ ला २० जागा जिंकल्या होत्या, म्हणजे आज ठाकरेंच्या शिवसेनेकडे आहेत तेवढ्याच. त्यानंतर शेकापचे दत्ता पाटील आले, आणि त्या पक्षाच्या जागा होत्या १३. दिल्लीत २०१५ मध्ये सत्तरपैकी तीनच आमदार असलेल्या भाजपचे विजेंद्र गुप्ता विरोधी पक्षनेते झाले, तेही आम आदमी पक्षाच्या अध्यक्षांच्या मान्यतेने.

तेव्हा अडचण कायद्याची नाही, इच्छेची आहे. पंधरा वर्षं विरोधी बाकांवर घडलेल्या आणि नंतर अडीच वर्षं त्याच खुर्चीतून सरकारला घाम फोडलेल्या नेत्याच्या कारकिर्दीत ती खुर्ची रिकामी राहणं शोभत नाही. पुढच्या हिवाळ्यात सरकार नागपुरात येईल त्याआधी अध्यक्षांनी आणि सभापतींनी दोन्ही सभागृहांचे विरोधी पक्षनेते जाहीर करावेत.