जुन्या शालेय संगणकांवर ‘स्वॅप’ची व्यवस्था



शाळाभेटींच्या निमित्ताने उदगीर तालुक्यातील गावोगावी जाताना एक दृश्य मला वारंवार पाहावयास मिळते. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली झाकलेले एक-दोन संगणक उभे असतात. चौकशी केली असता, ‘साहेब, चालू होतो, पण थोड्याच वेळात गोठून बसतो’ असे उत्तर येते. जडसंग्रह नोंदवहीत यंत्राची नोंद असते, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव केव्हा पाठवावा एवढाच विचार शिल्लक असतो.

अशाच एका शाळेत मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. सातवीतील एक मुलगी गावच्या आठवडी बाजारावरील निबंध संगणकावर टंकित करीत होती. दीड पान झाले होते. निबंधात घालण्यासाठी चित्र शोधावे म्हणून तिने ब्राउझर उघडला आणि यंत्र थबकले. दहा मिनिटे वाट पाहून गुरुजींनी बटण बंद केले. निबंध गेला. यंत्राला कोणी दोष दिला नाही. मुलगीच खाली मान घालून म्हणाली, ‘माझ्याकडूनच काहीतरी चुकीचे दाबले गेले.’ तिचे काहीही चुकले नव्हते. त्या यंत्राची स्मृती एक गीगाबाइट होती आणि ती भरल्यानंतर काय करावे याची कोणतीही तजवीज आपण केलेली नव्हती. ती तजवीज म्हणजेच ‘स्वॅप’ होय. तिची माहिती प्रत्येक शिक्षकास असावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

स्वॅप म्हणजे काय?

आपले टेबल व आपले कपाट यांचा विचार करा. तपासावयाच्या वह्या टेबलावर असतात. बाकीचे दप्तर कपाटात. टेबलावरील वस्तू हाताशी असते, पण टेबल लहान. कपाट मोठे, पण उठून जावे लागते. संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, हे त्याचे टेबल आणि हार्ड डिस्क हे त्याचे कपाट. उघडलेला प्रत्येक कार्यक्रम टेबलावर जागा व्यापतो. टेबल पूर्ण भरले आणि नवी वही ठेवावयाची झाली, तर शहाणा शिक्षक काय करतो? ज्या वह्यांची आत्ता गरज नाही, त्या कपाटातील एका मोकळ्या खणात ठेवतो व लागतील तेव्हा परत काढतो. डिस्कवर याच कामासाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या खणास स्वॅप म्हणतात.

हा खण नसेल तर लिनक्सपुढे फारसे मार्ग उरत नाहीत. चालू कार्यक्रमांचे भाग ते टाकून देते व पुनःपुन्हा डिस्कवरून वाचते. त्यामुळे यंत्र गोठल्यासारखे भासते. शेवटी निरुपाय झाला म्हणजे चालू कार्यक्रमांपैकी एखादा, बहुधा सर्वांत जास्त जागा व्यापणारा, ते स्वतःच बंद करते. त्यात मुलांचे न जतन केलेले काम जाते.

थोडा इतिहास

ही कल्पना नवी नाही. मँचेस्टर विद्यापीठातील ‘अ‍ॅटलास’ हा संगणक १९६२ साली कार्यान्वित झाला. लहान व वेगवान स्मृती आणि मोठे पण मंद असे फिरते चुंबकीय पिंप यांच्यामध्ये माहितीची पाने आपोआप हलविण्याची सोय त्यात होती. आपल्या राज्यातील जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, तेच हे वर्ष.

लिनक्सची कथा तर आपणांस अधिक जवळची वाटेल. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतील एका वापरकर्त्याने त्यांना कळविले की आपल्या यंत्रात अवघी दोन मेगाबाइट स्मृती असून तेवढ्यात काम भागत नाही. टोर्वाल्ड्स यांनी नाताळच्या दिवसांत बसून स्मृतीतील पाने डिस्कवर ठेवण्याची व्यवस्था तयार केली व ती जानेवारी १९९२ च्या ०.१२ या आवृत्तीत आली. म्हणजे लिनक्समधील ही सोय मुळात तोकड्या स्मृतीच्या यंत्राकरिताच जन्मास आली.

स्वॅपची मर्यादा

स्वॅपमुळे यंत्र वेगवान होते, असा समज कोणी करून घेऊ नये. स्मृतीतून एखादी गोष्ट मिळण्यास एक सेकंद लागतो असे क्षणभर मानले, तर त्याच प्रमाणात जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून ती मिळण्यास सुमारे एक लाख सेकंद, म्हणजे एका दिवसाहून अधिक काळ लागेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्या पाण्याने तहान भागली. पण तीनशेहून अधिक किलोमीटरवरून आलेले पाणी म्हणजे दारातील विहीर नव्हे. स्वॅपचेही तसेच आहे. तो अडचणीच्या वेळी काम वाचवितो. रोजची गरज त्यावर भागवू नये.

प्रथम निदान

औषधापूर्वी निदान हवे. लिनक्समधील ‘टर्मिनल’ उघडून ‘फ्री’ ही आज्ञा द्यावी, एक जागा सोडून उणे-चिन्ह व त्यास जोडून एच हे अक्षर टंकित करावे. (आज्ञा इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांतच लिहावयाच्या असतात, येथे त्यांचा उच्चार देत आहे.) पडद्यावर ‘मेम’ म्हणजे स्मृतीची व ‘स्वॅप’ची अशा दोन ओळी दिसतील. स्वॅपच्या ओळीत सर्वत्र शून्य असेल, तर आपल्या यंत्रास स्वॅप नाही असे समजावे.

स्मृतीच्या ओळीत ‘फ्री’ या स्तंभातील आकडा लहान पाहून अनेक जण घाबरतात. तसे कारण नाही. मोकळी स्मृती लिनक्स डिस्कवरील माहितीच्या प्रती ठेवण्यासाठी वापरते व मागणी येताच ती परत देते. आपण शेवटचा, ‘अव्हेलेबल’ हा स्तंभ पाहावा. नेहमीचे काम उघडले असताना तो आकडा शंभर-दोनशे मेगाबाइटच्या खाली जात असेल, तर यंत्रास टंचाई आहे.

किती जागा राखावी?

स्मृती एक गीगाबाइट असेल तर स्वॅप दोन गीगाबाइट. दोन असेल तर दोन. चार असेल तरीही दोन पुरेसा होतो. यंत्र ‘हायबरनेट’ करावयाचे असेल, तर मात्र स्वॅप निदान स्मृतीइतका असावा. कारण त्या वेळी स्मृतीतील मजकूर तेथे उतरवून ठेवला जातो. आठ-दहा गीगाबाइट राखून अधिक लाभ होत नाही. इतका स्वॅप खरोखरच वापरला जाऊ लागला, तर यंत्र चालणारच नाही.

कृती

स्वॅप दोन प्रकारे देता येतो: डिस्कचा स्वतंत्र विभाग करून, किंवा चालू विभागातच एक धारिका, म्हणजे फाइल, तयार करून. शाळांनी धारिकेचाच मार्ग स्वीकारावा, असा माझा आग्रह आहे. तो का, ते पुढे सांगतो. पुढील प्रत्येक आज्ञेपूर्वी ‘सुडो’ हा शब्द लिहावा. तो व्यवस्थापकाचा अधिकार देतो व परवलीचा शब्द मागतो.

१. धारिका निर्माण करणे. आज्ञा ‘फॅलोकेट’, म्हणजे एफ हे अक्षर व त्यास जोडून नेमून देणे या अर्थाचा ‘अ‍ॅलोकेट’ हा इंग्रजी शब्द. पुढे जागा सोडून उणे-चिन्हासह एल, मग आकार म्हणून दोनचा आकडा व त्यास जोडून मोठ्या लिपीतील जी, आणि शेवटी तिरप्या रेघेने आरंभ होणारे ‘स्वॅपफाइल’ हे नाव.

२. धारिका इतरांसाठी बंद करणे. आज्ञा ‘सी-एच-एम-ओ-डी’, मग ६०० हा आकडा व धारिकेचे नाव. स्वॅपमध्ये परवलीचे शब्दही जाऊन बसू शकतात. म्हणून ही पायरी गाळू नये.

३. धारिकेस स्वॅपचे रूप देणे. आज्ञा ‘एम-के-स्वॅप’, सर्व अक्षरे जोडून, व पुढे नाव.

४. स्वॅप चालू करणे. आज्ञा ‘स्वॅपऑन’ व पुढे नाव. पुन्हा ‘फ्री’ची आज्ञा दिली असता स्वॅपच्या ओळीत सुमारे दोन गीगाबाइटचा आकडा दिसला पाहिजे.

५. व्यवस्था कायम करणे. चौथ्या पायरीवर थांबल्यास वीज जाताच सर्व पूर्ववत होते. याकरिता ‘ईटीसी’ या कप्प्यातील ‘एफ-एस-टॅब’ या धारिकेच्या शेवटी एक ओळ वाढवावी. त्या ओळीत क्रमाने धारिकेचे पूर्ण नाव, मग ‘नन’, ‘स्वॅप’, ‘एस-डब्ल्यू’, शून्य व शून्य असे सहा शब्द, प्रत्येकात जागा सोडून, असावेत. या धारिकेची आधी नक्कल करून ठेवावी आणि तिच्यातील इतर ओळींना हात लावू नये. कारण यंत्र सुरू होताना डिस्कचे विभाग कोठे आहेत हे तिच्यावरूनच कळते.

नंतर यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करावे व ‘फ्री’ने खात्री करावी. संगणकास दिलेली आज्ञा व प्रत्यक्षात झालेले काम यांची पडताळणी केल्याखेरीज पाठ पूर्ण झाला असे मानू नये.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी स्वतंत्र विभागाचा मार्ग घेतला. पाचव्या विभागास स्वॅपचे रूप द्यावयाचे होते. घाईत मी सहावा क्रमांक टंकित केला. सहाव्या विभागात त्या शाळेच्या मुलांनी तीन वर्षांत केलेली चित्रे व लेखन होते. जुनी खूण पुसली जात असल्याची ओळ यंत्राने दाखविली. परंतु ती वाचीपर्यंत काम होऊन गेले होते. तज्ज्ञास वेळीच दाखविले असते तर बरेचसे परत मिळाले असते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी मात्र यंत्रावर आणखी खटपट केली व उरलेलेही गमावले. मुलांना मी स्वतः जाऊन सांगितले. त्या वर्गासमोर उभे राहणे मला जड गेले.

म्हणून सांगतो, धारिकेचा मार्ग घ्या. त्यात विभागाचा क्रमांक लिहावाच लागत नाही. याच कामासाठी अनेक ठिकाणी ‘डी-डी’ ही आज्ञा सुचविलेली आढळेल. ती चुकीच्या नावावर दिली तर सबंध डिस्क पुसू शकते. नवशिक्याने ती टाळावी. आणि कोणत्याही मार्गाने गेलात तरी आरंभी मुलांच्या कामाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मात्र स्वॅपच त्या पेनड्राइव्हवर ठेवू नये. तो मंद असतो व सततच्या लेखनाने लवकर निकामी होतो.

आणखी तीन उपाय

पहिला: ‘स्वॅपिनेस’ नावाचे एक मूल्य असते, ते सामान्यतः ६० असते. ते १० केले म्हणजे लिनक्स चालू कार्यक्रमांची पाने स्वॅपकडे सहसा पाठवीत नाही. फिरत्या डिस्कच्या यंत्रावर हे करून पाहावे व फरक पडतो का ते स्वतः ठरवावे.

दुसरा: ‘झेडरॅम’. यात पाने डिस्कवर न पाठविता दाबून, आकुंचित करून, स्मृतीतच ठेवली जातात. प्रक्रियकास थोडे अधिक श्रम पडतात, पण डिस्कपेक्षा हे पुष्कळ जलद. एक-दोन गीगाबाइटच्या यंत्रांस याचा चांगला उपयोग होतो.

तिसरा, आणि सर्वांत परिणामकारक: स्मृतीची एक पट्टी वाढविणे. मदरबोर्डवर रिकामी खाच असेल, तर जुन्या प्रकारची पट्टी वापरलेल्या मालात मिळू शकते. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडताना नव्या संगणकाच्या मागणीपूर्वी हा खर्च मांडावा.

हलक्या लिनक्सची निवडही महत्त्वाची आहे. लुबुंटू, झुबुंटू, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, अथवा फारच जुन्या यंत्रांसाठी अँटीएक्स, यांपैकी एक घ्यावे. यंत्र ३२-बिटचे असेल तर आधी तपासावे; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने तशा यंत्रांवरील नवी स्थापना बंद केली आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे येत्या काळात धडधाकट यंत्रेही निर्लेखनाच्या यादीत येऊ लागतील. सही करण्यापूर्वी एक दुपार त्या यंत्रास द्यावी, एवढीच विनंती.

वर्गातील शिस्त

स्वॅप दिला तरी स्मृती लहानच राहते. मुलांना दोन सवयी लावाव्यात: ब्राउझरचे एका वेळी एक-दोनच पडदे उघडणे, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर काम जतन करणे. यंत्र मंदावले व डिस्कचा दिवा सारखा पेटत राहिला, तर बटण दाबून बंद न करता हात आवरून थोडे थांबावे व एक कार्यक्रम मिटवावा.

आरंभी सांगितलेल्या शाळेत वरील पाच पायऱ्या गुरुजींनी माझ्यासमोर स्वतः केल्या. यंत्र आजही मंदच आहे. पण निबंध व ब्राउझर एकत्र उघडे राहतात. त्या मुलीस पुन्हा संगणकासमोर बसविण्यास मात्र गुरुजींना यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा अधिक दिवस लागले. यंत्राच्या उणिवेचा दोष मुलाने स्वतःकडे घ्यावा, अशी वेळ आपल्या शाळांत येऊ नये. आपल्या शंका केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत अवश्य मांडाव्यात. शक्य झाल्यास आपला संगणकच सोबत आणावा. प्रत्यक्ष करून पाहू.

— विस्तार अधिकारी (शिक्षण), उदगीर