सहल असावी तर सोपाऱ्याची

सुट्टी जवळ आली की आपल्या वस्त्यांत सहलीची बोलणी सुरू होतात. कुणी अलिबाग म्हणतो, मुले वॉटर पार्कसाठी हट्ट धरतात आणि खर्चाचा आकडा ऐकून बापमाणूस गप्प बसतो. करंजाडे येथील आम्ही काही बौद्ध कुटुंबांनी यंदा जानेवारीतल्या एका रविवारी समुद्रकाठचे एक जुने शहर पाहायचे ठरवले. ते म्हणजे शूर्पारक, आजचे सोपारा. लोकलच्या तिकिटात आणि घरच्या भाकरी-चटणीवर ही सहल होते, म्हणून वाचक बंधू-भगिनींसाठी हा वृत्तांत.

पहाटे पनवेलहून हार्बरने अंधेरी आणि तेथून विरार लोकलने नालासोपारा. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असतो, तेव्हा आदल्या दिवशी वेळा पाहून ठेवाव्यात. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने सोपारा गाव गाठले.

मुलांचा पहिला प्रश्न, "समुद्र कुठाय?" रास्त प्रश्न होता. खाडी गाळाने भरली, बंदर बुजले आणि समुद्र गावापासून दूर राहिला. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. ग्रीक भाषेत लिहिलेल्या त्या काळच्या एका दर्यावर्दी ग्रंथात आपल्या कल्याणबरोबर सोपाऱ्याचेही नाव आहे. सम्राट अशोकाच्या काळी तिसऱ्या संगीतीनंतर अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला धम्मरक्खित नावाचे भिक्खू आले, असे महावंस सांगतो. ते यवन होते, म्हणजे ग्रीक वंशाचे. परदेशी माणूस आपल्या किनाऱ्यावर येऊन बुद्धाचा धम्म सांगतो, हे ऐकून आमच्यातल्या कॉलेजच्या मुलांनाही नवल वाटले.

स्तूपाच्या जागेला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. लोक अशोकाला विसरले, स्तूपालाही विसरले, पण टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला राजा करून त्यांनी ती जागा लक्षात ठेवली! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा ढिगारा खणला. आत दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याची डबी, तिच्याभोवती सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ कांस्यमूर्ती. डबीच्या आत चांदीची, स्फटिकाची, सोन्याची अशा एकात एक डब्या, सोन्याची फुले आणि सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तुकडे. हे तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितांचे मत होते. सोन्याच्या डबीत जपलेली माती, हे एवढेच आम्ही मुलांना सांगितले. बाकीचे त्यांना आपोआप समजले.

विटांच्या त्या उंचवट्यापाशी बसून त्रिशरण-पंचशील झाले आणि मग आम्ही पूर्णाची गोष्ट काढली. ही गोष्ट दिव्यावदान या संस्कृत बौद्ध ग्रंथात आहे. पूर्ण हा याच शूर्पारकातील एका श्रीमंत घरात दासीच्या पोटी जन्मला. वाटणीच्या वेळी सावत्र भावांनी त्याला वारस मानले नाही. पुढे तो चंदनाच्या व्यापारात मोठा झाला, समुद्रावर सफरी केल्या. एका सफरीत जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी बुद्धवचने म्हणत होते, ती ऐकून त्याने सारे सोडले आणि तो भिक्खू झाला. कठोर लोकांच्या प्रांतात धम्म सांगायला निघाला तेव्हा तथागतांनी विचारले, त्यांनी शिव्या दिल्या तर? मारले तर? पूर्णाचे उत्तर असे की, शिव्या दिल्या तर मारले नाही म्हणून त्यांना भले म्हणेन. आमच्यातील एक आजी म्हणाल्या, "दासीचा पोर म्हणून ज्याला घराबाहेर काढलं, त्यानंच सगळ्यांना शहाणं केलं बघा." याहून चांगले प्रवचन आम्हाला जमले नसते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहितो आहोत ते. सोपारा परिसरात अशोकाच्या दोन शिलालेखांचे तुकडे सापडले. आठव्या लेखाचा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये, जवळच्या भुईगावला. १९५६ म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेचेच वर्ष! आठवा लेख सहलीविषयी आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजयात्रा करीत, अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केली आणि तो बोधीवृक्षाच्या स्थानी गेला, असा त्याचा आशय. नवव्या लेखात तर राजाने आपल्या घराघरांतलेच काढले आहे. आजारपण, मुलामुलींची लग्ने, बाळंतपण, प्रवासाला निघणे, अशा वेळी लोक नाना मंगलविधी करतात, विशेषतः बाया. पण त्यांचे फळ थोडे. नोकर-दासांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांवर दया, हे खरे मंगल.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्यातील काही घरांत अजून नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, सहलीची बस सुटताना नारळ फोडतात. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलेले उत्तर आपल्या दाराशी आहे. (बायांनाच का नावे ठेवली, यावर आमच्या भगिनींनी राजाला चांगलेच धारेवर धरले. बस ठरवणारे पुरुषच असतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.)

दुपारी चर्चगेटला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो नवव्या लेखाचा दगड पाहिला. धम्मलिपीतली अक्षरे ओळखायला मुलांनी वह्या काढल्या. 'ग' आणि 'र' लगेच सापडले.

एक गोष्ट मात्र सलते. दगड इथे, करंडक एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये आणि स्तूप सोपाऱ्यात. स्पेनमध्ये मालागा नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तिथे १९५१ साली बांधकाम करताना जुने रोमन नाट्यगृह सापडले. त्यावर उभी असलेली सरकारी सांस्कृतिक इमारत १९९५ मध्ये पाडण्यात आली आणि २०११ पासून ते नाट्यगृह लोकांसाठी खुले आहे. इमारत पाडा असे आम्ही म्हणत नाही. पण सोपाऱ्यात निघालेल्या वस्तू, निदान त्यांच्या प्रतिकृती, स्तूपाशेजारी चार भिंतींत मांडाव्यात, ही मागणी आपल्या प्रत्येक शाखेने लेखी करायला हवी.

परतताना फोर्टमधून चालत, १९४६ साली बाबासाहेबांनी सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजचे बुद्ध भवन पाहून, सीएसएमटीला पनवेल लोकल धरली. टाऊन हॉलच्या पायऱ्या चढायला वेळ उरला नव्हता. करंडकासाठी आधी चौकशी करून, रजा टाकून पुन्हा जायचे ठरले आहे.